स्मृतीची साक्ष

आपली दृष्टि मंद झाली हें मनुष्य विनासंकोच कबूल करतो. कानांनीं कमी ऐकूं येतें हेंहि वयोमानाप्रमाणें मान्य करतो. माणसांचीं नांवें आठवत नाहींत, चष्मा कोठें ठेवला हें ध्यानांत राहत नाहीं, ही तक्रार तर घरोघरीं, आणि पुष्कळदां कौतुकाच्याच सुरांत, ऐकूं येते. परंतु आपल्याला जें आठवतें तें मुळीं घडलेंच नव्हतें, अशी तक्रार करणारा गृहस्थ आमच्या पाहण्यांत अद्याप आलेला नाहीं. विस्मरण हा दोष ज्याचा त्याला कळतो; चुकीचें स्मरण हा दोष मात्र ज्याला जडतो त्यालाच तो दिसत नाहीं. म्हणूनच पहिल्यापेक्षां दुसरा अधिक घातक होय, आणि नीतीच्या दृष्टीनें त्याचा विचार व्हावा तितका आमच्यांत झालेला नाहीं असें आम्हांस वाटतें. जी गोष्ट आम्ही प्रामाणिकपणें आठवून सांगतों ती खोटी निघाल्यास आम्ही खोटें बोललों असें होतें काय? आणि होत नसल्यास, त्या सांगण्यानें ज्याचें नुकसान झालें त्यानें दाद मागावी कोणाकडे?

हा प्रश्न आम्हांस पुस्तकांतून सुचलेला नाहीं. वसई तालुक्यांत समुद्राच्या बाजूस असलेल्या एका गांवीं आमची वडिलोपार्जित वाडी होती. केळी, पानवेली, मधोमध विहीर आणि विहिरीच्या पश्चिमेस नारळींचा एक तुकडा, एवढाच तिचा विस्तार. आमच्या तीर्थरूपांच्या निधनानंतर वांटणीसाठीं मंडळी जमली, तेव्हां आमच्या विधवा आत्याबाई म्हणाल्या कीं, पश्चिमेचा तुकडा आपणांस देण्याचें भावानें कबूल केलें होतें. लेखी कांहीं नव्हतें. तो शब्द दिला गेला त्या वेळीं आम्ही तेथें होतों, असें आम्हांस वाटत होतें; नुसतें वाटत नव्हतें, दिसत होतें. कार्तिकांतील निर्मळच्या जत्रेचे दिवस, वीज गेलेली, ओटीवर कंदील, आणि तीर्थरूपांचें बोलणें: विहिरीचें पाणी आणि दोन माडांचे नारळ बहिणीला द्यावेत; जमिनीचें नांव नाहीं. आम्हीं हें जसेंच्या तसें सांगितलें. आम्ही शिकलेले, त्यांतून आमच्या सांगण्यांत कंदिलापर्यंतचा तपशील. मंडळींनीं आमचेंच सांगणें प्रमाण मानलें. आत्याबाई एवढेंच म्हणाल्या कीं, त्या दिवशीं तूं घरीं नव्हतास. कोणी हंसलें, कोणी म्हाताऱ्या माणसाचें असेंच व्हायचें म्हणालें, आणि विषय मिटला.

अकरा वर्षांनीं माळ्यावरची एक जुनी ट्रंक उघडली, तींत तीर्थरूपांच्या जमाखर्चाच्या वह्या व आमचीं त्यांस गेलेलीं पत्रें निघालीं. जत्रेच्या त्याच आठवड्यांत आम्हीं पुण्याहून पाठविलेलें एक पत्र त्यांत होतें; परीक्षेमुळें येणें होत नाहीं असा मजकूर, खालीं तारीख, अक्षर आमचें. वहींत त्याच आठवड्याच्या पानावर तीर्थरूपांच्या हातची एक ओळ होती: पश्चिमेचा तुकडा बहिणीस द्यावयाचा, तसें तिला सांगितलें. आमच्या डोळ्यांपुढील कंदील खरा असेल. पण तो दुसऱ्या कोणत्या तरी रात्रीचा होता. पाणी व नारळ हे शब्दहि कोणी तरी उच्चारले असतील. बहुधा पुढें काकांनीं सांगितलेली हकीकत आमच्या कानांत राहिली आणि त्या कंदिलाच्या उजेडांत जाऊन बसली. आम्हीं लबाडी केली नव्हती. तरीहि एका विधवेची जमीन आमच्या साक्षीनें गेली होती.

असें होतें कसें? सामान्य समज असा कीं, स्मृति ही एक पेटी आहे. अनुभव तींत ठेवावा, झांकण लावावें, आणि गरज पडेल तेव्हां तोच जिन्नस जसाचा तसा बाहेर काढावा. या पेटीला दृष्टान्त शोधावयास आम्हां वसईकरांस दूर जावें लागत नाहीं. सोपाऱ्यास, म्हणजे जुन्या शूर्पारक नगरींत, बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं उत्खनन केलें. आंत विटांचा स्तूप निघाला आणि स्तूपाच्या पोटांत एक दगडी करंडा. करंड्यांत तांब्याची डबी, तींत रुप्याची, तींत दगडाची, तींत स्फटिकाची, आणि सर्वांच्या आंत सोन्याची. त्या सोन्याच्या डबींत मातीच्या भांड्याच्या कांहीं ठिकऱ्या, बुद्धाच्या भिक्षापात्राच्या म्हणून श्रद्धेनें जपलेल्या. डबीच्या आंत डबी ठेवून जपलेली ठिकरी शतकानुशतकें तशीच राहते. आपली आठवणहि मनाच्या आंतल्या डबींत तशीच राहत असली पाहिजे, असें आपण गृहीत धरतों. मानसशास्त्रानें गेल्या सुमारें दीडशें वर्षांत हें गृहीत तपासून पाहिलें आहे, आणि तें टिकलेलें नाहीं.

या तपासणीचा आरंभ हर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडितानें केला. त्यानें अर्थहीन अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, आणि कांहीं काळानें त्याच याद्या पुन्हां पाठ करतांना किती श्रम वांचतात तें मोजलें. १८८५ सालीं त्यानें प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षाप्रमाणें पहिल्या तासांतच निम्म्याहून अधिक लाभ नाहींसा होतो, आणि महिन्यानंतर सुमारें पंचमांश उरतो. म्हणजे विसरणें प्रथम झपाट्यानें व पुढें मंद गतीनें होतें. पांच वर्षांनीं विल्यम जेम्स यानें मनांत अजून रेंगाळत असलेलें आणि मनांतून जाऊन पुन्हां आणलेलें, असा स्मृतींत भेद केला. १९५६ सालीं जॉर्ज मिलर यानें दाखविलें कीं, एका वेळीं मन सुमारें सातच सुट्या गोष्टी धरूं शकतें. मात्र त्यांच्या जुड्या बांधल्या तर तेवढ्याच जागेंत पुष्कळ अधिक मावतें. फोनचा दहा आंकडी नंबर आपण गटागटानें म्हणून ध्यानांत ठेवतों तें याच कारणानें.

१९६८ सालीं ॲटकिन्सन व शिफ्रिन यांनीं या सर्वांचा मेळ घालून तीन कोठारांची कल्पना मांडली. पहिलें कोठार इंद्रियांचें. डोळ्यांपुढून गेलेलें दृश्य तेथें क्षणार्धच टिकतें. त्यांतील ज्याकडे आपण लक्ष देतों तें दुसऱ्या, अल्पकालीन कोठारांत येतें, आणि घोकलें नाहीं तर अर्ध्या मिनिटाच्या सुमारास निघून जातें. जें घोकलें जातें, ज्याचा अर्थ लावला जातो, तें तिसऱ्या, दीर्घकालीन कोठारांत उतरतें. या कोठाराची मर्यादा अद्याप कोणास सांपडलेली नाहीं. विरारहून सुटणाऱ्या सकाळच्या गाडींत उभा असलेला मनुष्य शेंकडों चेहरे पाहतो. चर्चगेटला उतरतांना त्यांतील एकहि त्याला सांगतां येत नाहीं. परंतु वीस वर्षांपूर्वीं त्याच गाडींत कोणी उठून त्याच्या आजारी आईला जागा दिली असेल, तर तो चेहरा त्याला आजहि दिसतो. निदान दिसतो असें वाटतें. कोठाराच्या दारावर लक्ष आणि अर्थ हे दोन पहारेकरी उभे आहेत, आणि ते प्रत्येकास आंत सोडीत नाहींत.

हीं कोठारें निरनिराळीं असतात याचा पुरावा एका दुर्दैवी तरुणानें दिला. १९५३ सालीं अमेरिकेंत हेन्री मोलेसन याच्या मेंदूवर अपस्माराच्या उपचारार्थ शस्त्रक्रिया झाली व दोन्ही बाजूंचा थोडा भाग काढण्यांत आला. झटके कमी झाले. पण त्या दिवसापासून २००८ सालीं मरण येईपर्यंत घडलेल्या प्रसंगांची नवी आठवण त्याला ठेवतां आली नाहीं. बालपणच्या गोष्टी तो सांगे; एखादी संख्या घोकीत राहिला तर तीहि राही; लक्ष दुसरीकडे गेलें कीं संख्या गेली आणि ती सांगणाराहि गेला. तरीहि आरशांत पाहून आकृति गिरविण्याचें काम त्याला दिलें, तेव्हां दिवसेंदिवस त्याचा हात सुधारत गेला. हें काम आपण पूर्वीं केलें आहे याची मात्र त्याला ओळख नसे. हाताची स्मृति निराळी आणि प्रसंगाची निराळी, हें यावरून स्पष्ट झालें. आमच्याकडील एखादा वृद्ध वाडीवाला नातवाचें नांव विसरतो, पण पानवेल बांधतांना त्याची गांठ चुकत नाहीं, यांतील कोडें असें सुटतें.

येथपर्यंत पेटीची कल्पना मोडत नाहीं. एका पेटीच्या जागीं तीन-चार पेट्या आल्या एवढेंच. खरा धक्का दुसऱ्या बाजूनें बसला. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यानें १९३२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत एक प्रयोग आहे. त्यानें इंग्रज वाचकांस अमेरिकेंतील मूळ रहिवाशांची एक अपरिचित कथा वाचावयास दिली आणि कमीअधिक काळाच्या अंतरानें ती पुन्हां पुन्हां लिहून काढावयास सांगितली. जें परकें वाटलें तें गळालें किंवा ओळखीचें झालें. भुतांचा भाग पुसट झाला. आणि तुटक कथेला कारणपरंपरा चिकटली. कोणीहि मुद्दाम बदल केला नव्हता. बार्टलेटचा निष्कर्ष असा कीं, आठवणें म्हणजे ठेवलेली वस्तु बाहेर काढणें नव्हे; हाताशीं असलेल्या तुकड्यांवरून, आपल्या अपेक्षांच्या साच्यांत, ती वस्तु पुन्हां घडविणें होय.

पुढील प्रयोग तर अधिकच बेचैन करणारे आहेत. १९७४ सालीं एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनीं कांहीं विद्यार्थ्यांस मोटारींच्या अपघाताचें चित्रण दाखविलें. मोटारी एकमेकींवर जोरानें आदळल्या तेव्हां वेग किती होता, असें कांहींना विचारलें. कांहींना आदळण्याऐवजीं सौम्य शब्द घालून तोच प्रश्न केला. आठवड्यानंतर, फुटलेली कांच पाहिली होती काय, या प्रश्नास पहिल्या गटांतील ५० पैकीं १६ जणांनीं होय म्हटलें, दुसऱ्या गटांतील ५० पैकीं ७ जणांनीं. चित्रणांत फुटलेली कांच नव्हतीच. विचारणाराच्या एका क्रियापदानें पाहणाराच्या स्मृतींत कांच फुटली! १९९५ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगांत, लहानपणीं तुम्ही बाजाराच्या मोठ्या इमारतींत हरवलां होतां, अशी न घडलेली हकीकत घरच्या वडील माणसाच्या नांवें सांगितली असतां सुमारें चतुर्थांश लोकांस ती थोडीबहुत आठवूं लागली. आणि २८ जानेवारी १९८६ रोजीं चॅलेंजर हें अंतराळयान फुटलें, त्याच्या दुसऱ्या दिवशीं नायसर व हार्श यांनीं विद्यार्थ्यांकडून, बातमी कोठें व कशी कळली, हें लिहून घेतलें. सुमारें अडीच वर्षांनीं पुन्हां विचारतां त्यांतील चतुर्थांश जणांचें प्रत्येक मुख्य बाबींत चुकलें, आणि चुकणाऱ्यांस आपल्या स्मरणाविषयीं दांडगी खात्री होती. त्यांच्याच हातचा कागद पुढें केला तरी मूळ आठवण परत आली नाहीं. हा वृत्तांत वाचला तेव्हां आमची ट्रंक आम्हांस दिसली. आमचेंहि तसेंच झालें आहे: पत्र हातांत असतांना सुद्धां पुण्याची ती खोली आम्हांस आठवत नाहीं, ओटीवरचा कंदीलच दिसतो.

आणि येथें सोपाऱ्याचा तो करंडा आपल्याला दुसरी गोष्ट शिकवितो. त्यांत सातवाहन राजाचें एक रुप्याचें नाणें निघालें, सुमारें दुसऱ्या शतकांतलें. परंतु डब्यांच्या सभोंवतीं मांडलेल्या बुद्धांच्या व मैत्रेयाच्या मिळून आठ ब्राँझच्या मूर्ति घडणीवरून आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या मानल्या जातात. अर्थ उघड आहे. तो करंडा एकदां मिटून तसाच राहिला नव्हता. पुष्कळ शतकांनंतर कोणी तरी तो श्रद्धेनें उघडला, आंतलें पाहिलें, आपल्या काळाच्या मूर्ति त्यांत ठेविल्या, आणि पुन्हां मिटला. त्यानंतर उघडणारास दोन्ही काळ एकत्रच सांपडले. आठवणीचें नेमकें असेंच होतें. २००० सालीं करीम नादर व त्याच्या सहकाऱ्यांनीं उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, पक्की झालेली भीतीची आठवण पुन्हां जागी केली म्हणजे ती कांहीं काळ कच्ची होते. त्या अवधींत मेंदूच्या विशिष्ट भागांत औषध घालून तिची जुळणी रोखली तर ती पुढें उरतच नाहीं. आठवण काढणें म्हणजे ती पुन्हां ठेवणेंहि होय. आणि ठेवतांना हातांत आजचें जें असेल तें तींत पडतें. जी गोष्ट आपण शंभरदां सांगितली ती आपल्याला अधिक पक्की वाटते. वस्तुतः ती शंभरदां उघडलेली असते.

हें सर्व पाश्चात्त्यांनींच प्रथम ओळखलें असें मात्र कोणी समजूं नये. आमच्या नैयायिकांनीं ज्ञानाचे अनुभव आणि स्मृति असे दोन भाग केले, व प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द हीं चार प्रमाणें सांगतांना स्मृतीला त्यांत स्थान दिलें नाहीं. स्मृति ही केवळ संस्कारापासून उपजते; ती खरी असेल किंवा खोटी असेल, पण तिचें खरेपण मूळच्या अनुभवाकडून उसनें आणलेलें असतें. जैन तार्किकांनीं उलट बाजू मांडली: स्मृति प्रमाण नसेल तर अनुमान तरी कसें चालेल? धूर दिसतांच अग्नि ओळखावयास, जेथें धूर तेथें अग्नि हें आधीं आठवलें पाहिजे ना? म्हणून त्यांनीं तिला परोक्ष प्रमाणांत घेतलें. आम्हांस दोन्ही म्हणणीं खरीं वाटतात. स्मृतीवांचून एक पाऊल टाकतां येत नाहीं, आणि एकट्या स्मृतीवर मात्र कोणास दोषी ठरवितां येत नाहीं.

ज्यांनीं स्मृतीकडून खरोखर अचूक काम घेतलें, त्या वैदिकांचें उदाहरण येथें लक्षांत घेण्यासारखें आहे. केवळ पाठांतराच्या बळावर त्यांनीं संहिता शतकानुशतकें जपली, याचा आपण अभिमान बाळगतों; पण ती त्यांनीं कशी जपली तें पाहत नाहीं. पदपाठ, क्रमपाठ, जटा, घन अशा रीतींनीं तेंच वाक्य उलटसुलट जोडून म्हणावयाचें, चुकल्यास गुरूनें तेथेंच थांबवावयाचें, आणि एकाच्या म्हणण्याची दुसऱ्याकडून तपासणी व्हावयाची. ज्यांची स्मृति जगांत सर्वांत विश्वासार्ह ठरली, त्यांनींच आपल्या स्मृतीवर सर्वांत कमी विश्वास ठेविला.

एका घराचें जें होतें तेंच गांवाचें आणि समाजाचें होतें. आमची वसई १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ च्या मे महिन्यांत, मोठ्या वेढ्यानंतर, चिमाजी अप्पांच्या हातीं आली. किल्ला हातीं येत नसेल तर आपलें शीर तरी तोफेनें आंत पोंचवा, असें अप्पा म्हणाल्याची आख्यायिका आम्हीं लहानपणीं इतक्यांदां ऐकली आहे कीं, ती तोफ आम्हांस दिसते. किल्ल्यांतील व आसपासच्या चर्चांच्या घंटा विजयाची खूण म्हणून ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा तर मराठी बोलण्यांतच येऊन बसली. परंतु याच तालुक्यांत आमच्या शेजारीं, आमच्याचसारखी केळी-पानवेलीची वाडी करणारीं, घरांत कादोडी किंवा वाडवळी बोलणारीं ख्रिस्ती कुटुंबें आहेत. त्यांच्या घरीं तीच घंटा आठवते ती गेलेली घंटा म्हणून. एका घरीं नवस फेडल्याचा नाद, दुसऱ्या घरीं मनोऱ्यांतील रिकामी जागा, धातु एकच. दोघांपैकीं खोटें कोणीच बोलत नाहीं. मात्र दोघांनींहि तो करंडा पिढ्यान् पिढ्या उघडला आहे, आणि प्रत्येक पिढीनें आपल्या काळची एकेक मूर्ति आंत ठेविली आहे. म्हणून जुन्या गोष्टीवरून आज शेजाऱ्याशीं भांडावयास उठणारानें आधीं एवढें विचारावें: मला जें आठवतें आहे तें १७३९ सालचें, कीं परवां कोणी तरी सांगितलेलें?

यावर कोणी म्हणेल कीं, असें मानलें तर जगाचा व्यवहारच थांबेल. वचन, उपकार, ऋण, मैत्री हीं सारीं स्मृतीवरच उभीं आहेत. ती अविश्वसनीय ठरली तर लबाडांस ‘आम्हांस आठवत नाहीं’ म्हणावयास मोकळीक मिळेल, आणि पीडितानें आपलें दुःख सांगितलें तर ‘तुझी स्मृति फसवीत असेल’ म्हणून त्याचें तोंड बंद करतां येईल. हा आक्षेप वजनदार आहे. त्यास आमचें उत्तर असें कीं, बहुतेक आठवणी मोठ्या अंशीं खऱ्याच असतात. तपशिलांत चूक असली तरी गाभा पुष्कळदां शाबूत राहतो. आमच्या आत्याबाईंची आठवण शब्दशः खरी निघाली. स्मृतीविषयींचें हें ज्ञान दुसऱ्याच्या साक्षीवर फेंकावयाचें हत्यार नव्हे. तें प्रथम स्वतःच्या साक्षीवर लावावयाचें आहे. त्याचा उपयोग आम्हीं नेमका उलटा केला होता: म्हाताऱ्या माणसाची स्मृति चुकते हें आम्हांस ठाऊक होतें, आमची चुकते हें नव्हतें.

मग आमचा दोष कोणता? खोटें बोलण्यास हेतु लागतो आणि तो आमच्याकडे नव्हता, असें म्हणून सुटतां येईल काय? आम्हांस वाटतें, नाहीं. साक्ष देणारा मनुष्य एका वाक्यांत दोन गोष्टी सांगत असतो: अमुक घडलें ही एक, आणि तें मला ठाऊक आहे ही दुसरी. पहिलीविषयीं तो भाबडेपणानें चुकूं शकतो. दुसरी मात्र त्याच्या स्वतःच्या मनाविषयीं आहे, आणि तेथें सावध राहणें त्याच्या हातीं आहे. १८६० च्या दंडसंहितेंत खोट्या साक्षीच्या कलमाला एक मार्मिक स्पष्टीकरण जोडलेलें होतें: जी गोष्ट आपल्याला ठाऊक नाहीं ती ठाऊक आहे असें सांगणें, हीहि खोटी साक्ष होऊं शकते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली, तरी हें तत्त्व कायम आहे. न्यायालय जाणूनबुजून केलेल्या असत्यापुरतें पाहील. सदसद्विवेकाच्या न्यायासनापुढें मात्र, ‘आठवतें’ याच्या जागीं ‘ठाऊक आहे’ म्हणणें हाच अपराध होय. आमचें कंदिलाचें वर्णन ऐकून मंडळींनीं विश्वास ठेविला. तो कंदील पुरावा नव्हे हें सांगणें आमचें काम होतें.

पण ज्याला पूर्ण खात्री वाटते त्याला आपली खात्री खोटी आहे हें कळावें कसें? आंतून तें कळत नाहीं. बाहेरच्या खुणांवरून कळतें. गोष्ट किती जुनी आहे, ती मध्यंतरीं कितीदां सांगितली गेली, त्या वेळचा कागद आहे काय, तेथें असलेला दुसरा मनुष्य निराळें सांगतो काय, आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, आपली आठवण आपल्याच फायद्याची आहे काय, हें प्रत्येकास तपासतां येतें. आमच्या बाबतींत या पांचहि खुणा पुढें उभ्या होत्या. आणि एक गोष्ट सांगावयाची राहिली आहे. तो पश्चिमेचा तुकडा वांटणींत आमच्या वांट्यास आला होता. आम्हीं त्यासाठीं खोटें रचलें नाहीं. परंतु त्या संध्याकाळच्या दोन हकीकतींपैकीं आमच्या मनानें कोणती जपली, आणि ट्रंक उघडून पाहण्याची बुद्धि अकरा वर्षें कां झाली नाहीं, याचें उत्तर आम्हांस सुखाचें वाटत नाहीं. ‘त्या दिवशीं तूं घरीं नव्हतास’ हें आत्याबाईंचें वाक्य तपासावयास एक तास पुरला असता.

यावरून आम्हीं स्वतःपुरते कांहीं नेम केले आहेत, ते वाचकांपुढें ठेवतों. पाहिलेलें, ऐकलेलें आणि आठवलेलें यांसाठीं बोलण्यांत तीन निराळीं क्रियापदें वापरावीं. ज्या गोष्टीवर दुसऱ्याचा हक्क अवलंबून आहे ती त्याच दिवशीं लिहून ठेवावी. साक्षीदारास प्रसंगाच्या वेळीं, स्मरण ताजें असतांना केलेल्या टिपणावरून स्मृति जागी करण्याची मुभा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें दिली होती व आजच्या साक्ष्य अधिनियमांतहि ती आहे, ती उगाच नव्हे. आपल्या लाभाची आठवण दुप्पट तपासावी, आणि दुसऱ्याची आठवण आपल्याहून निराळी असली म्हणून त्याला खोटा किंवा खुळा म्हणूं नये.

शेवटीं त्या तुकड्याविषयीं. पत्र सांपडलें तेव्हां वाडी आमच्या हातांत नव्हती. वसई-विरारच्या वाढत्या वस्तींत ती केव्हांच विकली गेली, आणि नारळींच्या जागीं आज चार मजली इमारत आहे. पश्चिमेच्या तुकड्याचे जे पैसे आले होते ते घेऊन आम्ही आत्याबाईंकडे गेलों व वही त्यांच्यापुढें ठेविली. त्यांनीं भावाचें अक्षर बराच वेळ पाहिलें. मग म्हणाल्या, “पैशांचें राहूं दे. त्या दिवशीं जे बसले होते त्यांच्यापुढें एवढें सांग, कीं मी खोटें बोललें नव्हतें.”

पैसे त्यांनीं पुढें घेतले. पण आधीं आम्हीं ती मंडळी पुन्हां जमविली, त्याच क्रमानें सर्व हकीकत सांगितली, आणि वही व पत्र प्रत्येकाच्या हातीं दिलें. आत्याबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. पहिल्या बैठकीस असलेल्यांपैकीं दोघे मात्र मध्यंतरीं वारले होते. त्यांच्या लेखीं त्या शेवटपर्यंत खोट्याच राहिल्या, आणि तेवढें आतां कोणत्याहि वहीनें दुरुस्त होण्यासारखें नाहीं.